गोटा टायरचं अ‍ॅव्हरेज

सहदेव : साहेब, हा टायर तुम्ही तिसऱ्यांदा हुंगताय.

श्यामसुंदर : हुंगत नाही. बघतोय.

सहदेव : नाक लावून?

श्यामसुंदर : चष्मा गाडीत राहिला. नक्षी किती खोल आहे म्हणालास याची?

सहदेव : गेल्या शनिवारी होती तेवढीच. आठ मिलिमीटर. तुम्हीच पट्टी घालून मोजलीत.

श्यामसुंदर : आठ आणि वर एक रेघ.

सहदेव : मग आठ आणि वर एक रेघ. टायर काय पोर नाय, आठ दिवसांत वाढायला.

श्यामसुंदर : रबर दमट हवेत फुगतं, असं कुठंतरी वाचलंय मी.

सहदेव : साहेब, साडेतीन झाले. मी पाचला शटर ओढणार. सातची एसटी आहे, गणपतीला गावाक चाललोय. परत येणार तो बारा दिवसांनी. या साकीनाक्यावर लोक पंक्चर काढून जातात, इंजिन उतरवून जातात, एक जण तर इथं बाकड्यावर बसल्या बसल्या मुलीचं लग्न ठरवून गेला. तुम्ही महिनाभर येताय आणि चार टायर ठरत नाहीत.

श्यामसुंदर : पाच. स्टेपनी धरून.

सहदेव : बघा, वाढला एक.

श्यामसुंदर : पुन्हा एकदा सांग. नीट, क्रमानं.

सहदेव : परत? बरं. पहिला रिमोल्ड. जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला. खिशाला बरा, पण पुढचा पाऊस बघेल याची खात्री मी देणार नाय. दुसरा रेडियल. नवा निघालाय, हलका फिरतो, पेट्रोल वाचवतो, रस्ता पण धरतो. पण तुमच्या फियाटच्या मापाचे माझ्याकडं दोनच आहेत. बाकीचे मागवायचे तर दिवाळी येईल.

श्यामसुंदर : दोन रेडियल आणि दोन साधे?

सहदेव : एका पायात बूट, एका पायात चप्पल घालून घाट उतरून बघा. तिसरा हा, तुम्ही हुंगताय तो. नायलॉन, बारमाही. उन्हात फुटत नाय, चिखलात फसत नाय, पावसात रस्ता पकडतो म्हणजे पकडतो. खोट एकच. जड फिरतो.

श्यामसुंदर : म्हणजे पेट्रोल खातो.

सहदेव : थोडं.

श्यामसुंदर : थोडं हे माप नाही, सहदेव.

सहदेव : लिटरमागं एक किलोमीटर कमी धरा.

श्यामसुंदर : एक?

सहदेव : दीड.

श्यामसुंदर : श्वास घ्यायच्या आत अर्धा वाढवलास.

सहदेव : तुम्ही अजून एकदा विचारलंत तर दोन होतील. माझं डोकं चालत नाय आता.

श्यामसुंदर : मला सध्या पंधरा पॉइंट दोन पडतं.

सहदेव : फियाटला पंधरा कुणाला पडत नाय.

श्यामसुंदर : मला पडतं. ऑफिसात कुणाची गाडी बारावर जात नाही. मुलुंडला आमच्या सोसायटीत मला पंधरावाले म्हणतात. सेक्रेटरीनं नोटीस बोर्डावर तसं लिहिलंसुद्धा होतं एकदा, गच्चीच्या गळतीच्या नोटिशीखाली. आणि गंमत म्हणजे दर वर्षी थोडं वाढतंय. पूर्वी चौदा पडायचं. गाडी म्हातारी होतेय आणि सुधारतेय.

सहदेव : या टायरांवर? गोटा झालेत चारही. हात फिरवा, टक्कल लागेल हाताला. यांच्यावर तुम्ही आजपर्यंत जिवंत आहात हेच मोठं अ‍ॅव्हरेज.

श्यामसुंदर : म्हणून तर बदलतोय.

सहदेव : बदलत नाय आहात, तीच तर माझी तक्रार. बरं, ते जाऊ दे. गाडीत वहिनी बसल्यात, त्यांना चहा पाठवू का? अर्धा तास झाला, काय उकाडा आहे. दर शनिवारी बघतोय, एकदासुद्धा खाली उतरल्या नाहीत.

श्यामसुंदर : नको.

सहदेव : स्पेशल सांगतो, आल्याचा.

श्यामसुंदर : ती गोणी आहे.

सहदेव : कोण?

श्यामसुंदर : गव्हाची गोणी आहे ती.

सहदेव : रेनकोट घातलाय तिनं.

श्यामसुंदर : त्या बाजूची काच वर होत नाही. गहू भिजला की वजन वाढतं.

सहदेव : आणि डोक्याला रुमाल?

श्यामसुंदर : तोंड बांधलंय गोणीचं.

सहदेव : साहेब, गेल्या शनिवारी मी तिला नमस्कार केला.

श्यामसुंदर : पाहिलं मी. तेव्हा सांगणं बरं दिसलं नसतं.

सहदेव : त्याच्या आधीच्या शनिवारी विचारलं, वहिनी, बरं आहे ना. उत्तर नाय आलं. मी घरी जाऊन मालनला सांगितलं, मोठ्या घरची बाई दिसते, टायरवाल्याशी बोलत नाय. माझ्या बायकोनं दोन दिवस तुमच्या बायकोला नावं ठेवली.

श्यामसुंदर : एकसष्ट किलो चारशे ग्रॅम.

सहदेव : काय?

श्यामसुंदर : मृणालिनीचं वजन. हे बघ, अ‍ॅव्हरेज मी दर रविवारी काढतो. मुलुंडहून निघायचं, पवईवरून अंधेरीला माझ्या मावशीकडं जायचं, त्याच रस्त्यानं परत. मी आणि मृणालिनी. नऊ वर्षं हाच रस्ता, हेच वजन. आता ती नाही.

सहदेव : अरेरे. कधी झालं?

श्यामसुंदर : तसं नाही. घाटकोपरला आहे. भावाकडं.

सहदेव : मग नीट सांगा की, माझ्या काळजाचं पाणी झालं.

श्यामसुंदर : सांगायचं असं की, एकसष्ट किलो गाडीतून कमी झाले तर येणारा आकडा खोटा. मी वजनमापे खात्यात आहे, सहदेव. आठवडाभर वाण्यांचे काटे तपासत फिरतो. कुणाच्या पारड्याखाली चिंचोका सापडला तर खटला भरतो. आणि स्वतःच्या गाडीत खोटं माप चालवू?

सहदेव : म्हणून गहू.

श्यामसुंदर : तांदूळ घसरतो. वळणावर कलतो.

सहदेव : वहिनी गेल्या कशासाठी?

श्यामसुंदर : जुलैत गाडी घसरली पावसात. ती बरोबर होती. म्हणाली, टायर बदलल्याशिवाय मी या गाडीत पाय ठेवणार नाही, आणि गाडीत नाही तर घरातही नाही.

सहदेव : आता ऑगस्ट संपत आला.

श्यामसुंदर : हो.

सहदेव : म्हणजे टायर बसवले की वहिनी घरी. एवढं सोपं काम. गिरणी बंद पडल्यापासून चार वर्षं मी हा धंदा करतोय, एवढ्या सोप्या कामाचं गिऱ्हाईक आलं नव्हतं. मग अडलंय कुठं? दीड किलोमीटरवर?

श्यामसुंदर : टायर बदलले आणि नाही आली तर?

सहदेव : म्हणजे?

श्यामसुंदर : आत्ता कुणी विचारलं तर सांगता येतं, टायर बदलायचे राहिलेत. बदलले म्हणजे काय सांगू?

सहदेव : थांबा, हा टायर जरा बाजूला ठेवतो.

श्यामसुंदर : बोल काहीतरी. हवं तर दीडचे दोन कर.

सहदेव : साहेब, आमच्याकडं अशी वेळ आली की देवाला गाऱ्हाणं घालतात. उभे राहा. चपला काढू नका, खाली खिळे आहेत. बा देवा म्हाराजा...

श्यामसुंदर : आत्ता? टायरच्या दुकानात?

सहदेव : तुम्ही फक्त होय म्हाराजा म्हणायचं. बा देवा म्हाराजा, ह्यो मुलुंडचो सायब आज तुझ्यासमोर उभो आसा. ह्येचे चार टायर...

श्यामसुंदर : पाच.

सहदेव : स्टेपनीसकट पाच टायर आज पाच वाजायच्या आत ठरांदेत रे म्हाराजा.

श्यामसुंदर : होय म्हाराजा.

सहदेव : ह्येची घरवाली घाटकोपरात्सून सुखरूप घराक येवंदे, आणि माका माझी एसटी गावांदे रे म्हाराजा.

मृणालिनी : होय म्हाराजा. आता गाडीतली ती बाई कुठं आहे ते सांगा.

श्यामसुंदर : मृणालिनी. तू इथं कशी?

मृणालिनी : रिक्षानं. तुमच्या ऑफिसातल्या दशरथला फोन केला. म्हणाला, शनिवारी साहेब अर्ध्या दिवसानंतर साकीनाक्याला टायरवाल्याकडं असतात, वहिनींना घेऊन. मी म्हटलं, कोणत्या वहिनींना? त्यानं फोन ठेवला.

श्यामसुंदर : तुझा काहीतरी गैरसमज...

मृणालिनी : परवा मुलुंडहून शेजारीण प्रेमाचा फोन. वहिनी, परत आलात आणि साधा हात हलवत नाही? गाडीत तोंड फिरवून बसलात, तीन हाका मारल्या. मी भावाच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. म्हटलं, हात खरकटे होते. दुसरं काय सांगणार? कोण आहे ती?

सहदेव : वहिनी, बसा. ऐकून हसू येईल.

मृणालिनी : आपण कोण?

सहदेव : सहदेव. टायरवाला. खरं सांगायचं तर मीसुद्धा तिच्याशी बोललोय. स्वभावाला वाईट नाय.

श्यामसुंदर : सहदेव, तू गप्प बस. मृणालिनी, गाडी समोर उभी आहे. जा आणि स्वतः बघ.

मृणालिनी : जाते. घाबरते की काय.

सहदेव : साहेब, दार उघडलं त्यांनी.

श्यामसुंदर : दिसतंय.

सहदेव : रुमाल सोडला.

श्यामसुंदर : चष्मा नसला तरी एवढं दिसतं मला.

सहदेव : हात आत घातला. आता मूठभर गहू घेऊन येतायत. साहेब, मी मागं जाऊ का? पान्हे शोधायचेत.

मृणालिनी : हे काय आहे?

श्यामसुंदर : गहू.

मृणालिनी : गहू मला कळतो. माझ्या जागी का बसलाय? माझा रेनकोट घालून?

श्यामसुंदर : तुझ्या वजनाचा आहे. अ‍ॅव्हरेजसाठी. एकसष्ट किलो चारशे.

मृणालिनी : माझं वजन सत्तावन्न आहे.

श्यामसुंदर : ते लग्नातलं. मार्चमध्ये दादर स्टेशनवरच्या काट्यावर तू उभी राहिलीस तेव्हा...

मृणालिनी : तो काटा चुकीचा होता.

श्यामसुंदर : तो मीच पास केलेला आहे.

मृणालिनी : म्हणजे मी घरातून गेले, तर तुम्हाला चारशे ग्रॅमसकट कळलं काय काय कमी झालं ते.

श्यामसुंदर : तसं नव्हतं म्हणायचं मला.

सहदेव : वहिनी, साहेब टायरच ठरवतायत. महिनाभर. पंधरा की साडेतेरा, यात अडकलेत.

मृणालिनी : पंधरा. अजून आहे का ते पंधरा?

श्यामसुंदर : पंधरा पॉइंट दोन. तू असताना चौदा पॉइंट नऊ होतं.

सहदेव : साहेब, एक सांगू? राग धरू नका. मघापासून पोटात आहे, पण तुमचं तोंड बघून बोललो नाय.

श्यामसुंदर : बोल.

सहदेव : हा नवा टायर उभा केला. त्याच्या बाजूला ही तुमची स्टेपनी, बाकीच्या चौघांसारखीच झिजलेली. दोन्हींच्या डोक्यावर ही फळी ठेवतो. काय दिसतं?

श्यामसुंदर : फळी कलते.

सहदेव : तुमचा बुटका आहे. झिजला ना सगळीकडून. आता गाडीचा मीटर रस्ता मोजत नाय, चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला फेऱ्या जास्त. मीटर म्हणतो शंभर किलोमीटर झाले. गाडी चालली असेल सत्त्याण्णव.

श्यामसुंदर : म्हणजे पंधरा पॉइंट दोन...

सहदेव : चौदा आणि थोडं.

श्यामसुंदर : चौदा पॉइंट सात चार.

सहदेव : माझं थोडं तेवढंच असतं.

श्यामसुंदर : आणि दर वर्षी वाढत होतं ते?

सहदेव : टायर दर वर्षी झिजत होते.

श्यामसुंदर : मी नोटीस बोर्डावर होतो, सहदेव.

मृणालिनी : पारड्याखालचा चिंचोका सापडला म्हणायचा.

सहदेव : तसं सगळंच खोटं नाय हां. गोटा टायर खरंच हलका फिरतो, थोडं पेट्रोल वाचतं. हवा किती मारता?

श्यामसुंदर : अडतीस पौंड.

सहदेव : चोवीस मारायची असते.

श्यामसुंदर : कडक टायर हलका फिरतो.

सहदेव : गोटा टायर, अडतीस पौंड आणि भर पाऊस. साहेब, ती गाडी नव्हती, होडी होती. कुठं घसरलात?

श्यामसुंदर : पवईच्या उतारावर. थोडीशी.

मृणालिनी : थोडं हे माप नाही, असं तुम्हीच म्हणता ना? उतार सुरू झाला तसं यांनी इंजिन बंद केलं. पेट्रोल वाचतं म्हणून. पाऊस असा की समोरचा ट्रक दिसेना. वळणावर ब्रेक मारला आणि गाडी आडवी झाली. एक फेरी मारून कुंपण तोडून तबेल्यात शिरली, आणि दोन म्हशींच्या मधे जाऊन उभी राहिली. नीट, ओळीत. इतकी सरळ गाडी यांनी उभ्या जन्मात लावली नव्हती.

सहदेव : म्हशींना लागलं?

मृणालिनी : नाही. मला लागलं. कपाळ समोर आपटलं.

श्यामसुंदर : म्हणून गेलीस. मी कबूल करतो. टायर आधीच बदलायला हवे होते.

मृणालिनी : घसरलं म्हणून कुणी घर सोडत नाही. तुम्ही उतरलात. शेणातून गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आलात. मी कपाळाला हात लावून बसले होते. म्हटलं, आता दार उघडतील. तुम्ही खिडकीतून आत वाकलात, मीटर बघितलात आणि म्हणालात...

श्यामसुंदर : नको.

मृणालिनी : म्हणालात, नऊशे मीटर आलो, एक थेंब न जाळता. माझ्याकडं पहिल्यांदा त्या डावीकडच्या म्हशीनं बघितलं. तुमच्याआधी.

श्यामसुंदर : सहदेव, लाव.

सहदेव : काय लावू?

श्यामसुंदर : बारमाही. पाचही.

सहदेव : नक्की? एकदा रिमवर चढवला की परत घेणार नाय मी. चौदा सातमधून दीड गेले की तेरा...

श्यामसुंदर : आकडा सांगू नकोस.

सहदेव : बरं. हवा?

श्यामसुंदर : चोवीस. तुझ्या हातानं मार. मी बघत नाही.

मृणालिनी : माझ्यासाठी म्हणून करत असाल तर करू नका. टायर बदला म्हणाले होते, बदलले की येईन असं म्हणाले नव्हते.

श्यामसुंदर : तू म्हणाली होतीस.

मृणालिनी : टायर बदलल्याशिवाय येणार नाही, असं म्हणाले होते. त्यात आणि यात फरक आहे. तुम्ही कायद्याची माणसं, तुम्हाला कळायला पाहिजे.

श्यामसुंदर : मग तू आता कशी जाशील?

मृणालिनी : घाटकोपरला सोडा. रिक्षावाल्यानं येताना नको नको करून सोडलं मला. या गाडीवर तेवढा विश्वास ठेवते, टायर हे बसवतायत म्हणून.

सहदेव : तासात करतो. साहेब, जॅक धरा. अंगठा आत नको. आणि ही गोणी?

श्यामसुंदर : तुझ्याकडं ठेव.

सहदेव : मी बारा दिवस नाय, उंदीर लागतील.

मृणालिनी : मालनला द्या, दळून आणा म्हणावं. दोन दिवस मला नावं ठेवलीत ना तिनं.

सहदेव : वहिनी, तुम्ही ते कधीपासून ऐकत होता?

मृणालिनी : नाक्यावर रिक्षा कधीच सोडली होती मी. पलीकडच्या मेकॅनिकच्या दुकानाआड उभी होते. म्हटलं, आत जाण्याआधी बाई कोण ते ऐकून घ्यावं. मधे मधे ट्रक जात होते, गोणीचं आणि गव्हाचं नेमकं तेवढंच ऐकू आलं नाही. नाहीतर एवढं भांडण वाचलं असतं. रेनकोट तेवढा मला द्या.

सहदेव : म्हणजे साहेब म्हणाले, टायर बदलले आणि नाही आली तर, तेसुद्धा...

मृणालिनी : तुमची एसटी सातची आहे ना?

(संध्याकाळ. साकीनाक्याचा चौक. हवालदारानं हात आडवा धरलाय आणि गाड्या थांबल्यात.)

मृणालिनी : आवाज येतोय.

श्यामसुंदर : नवे टायर आहेत. खोल नक्षी असली की घूं घूं करतात. शंभर किलोमीटरनंतर कमी होतो म्हणाला.

मृणालिनी : टायरचा नाही. इंजिनचा. बंद नाही केलंत?

श्यामसुंदर : नाही.

मृणालिनी : या चौकात नेहमी बंद करता. मोठा आहे म्हणून.

श्यामसुंदर : खूण राहिलीय.

मृणालिनी : कसली?

श्यामसुंदर : कपाळावर. भुवईच्या वर.

मृणालिनी : दोन महिने झाले तिला.

श्यामसुंदर : मी आज बघितली. दुखते?

मृणालिनी : केस विंचरताना कधी कधी.

श्यामसुंदर : टाके पडले होते?

मृणालिनी : दोन. भावजय आली होती बरोबर. आता समोर बघा, हवालदारानं हात खाली केला.

श्यामसुंदर : सरळ घाटकोपर. डावीकडं पवई, मुलुंड.

मृणालिनी : रस्ते माहीत आहेत मला.

श्यामसुंदर : मागचा हॉर्न मारतोय.

मृणालिनी : मारू दे. दोन महिन्यांत तुम्ही भावाकडं चार वेळा फोन केलात. टायरची नक्षी सांगितलीत, रेडियलचा फायदा सांगितलात, रिमोल्डबद्दल माझं मत विचारलंत. एक विचारायचं राहिलं.

श्यामसुंदर : घरी येतेस का?

मृणालिनी : सावकाश घ्या. डावीकडं खड्डा आहे.